महिन्याच्या सह्या

त्या घरातल्या फ्रिजच्या दारावर महिन्याच्या पाळ्यांचे दोन कागद लावलेले असत. डावीकडचा नवऱ्याचा, उजवीकडचा मुलीचा. दोघंही विमानं उडवत. विमानांचा रंग एक, शेपटीवरचा पक्षी एक, गणवेशही एकाच शिंप्याने बेतल्यासारखे. फरक होता तो या कागदांत. नवऱ्याच्या कागदावर कामाच्या दोन चौकटींमागे एक रिकामी चौकट ठरलेली. मुलीच्या कागदावर रिकामी चौकट शोधायची तर चष्मा पुसून घ्यावा लागे.

चष्मा होता तो या घरच्या आईचा. कंपनीच्या ड्यूटी काउंटरवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. कोणी कधी उडायचं, कोणाबरोबर उडायचं आणि कोणी घरी बसायचं, हे त्या ठरवत, म्हणून सगळा विमानतळ त्यांना ड्यूटीबाई म्हणे. उड्डाणाआधी तासभर प्रत्येक वैमानिकाने त्यांच्यासमोर उभं राहून एका ओळीच्या कागदावर सही करायची असा नियम होता: ‘मी आज उड्डाणास तंदुरुस्त आहे.’ बाई सहीकडे बघतच नसत, तोंडाकडे बघत. त्या म्हणत, सही काय, दारुड्याचीही सरळ येते, डोळे येत नाहीत. एकदा तापाने फणफणलेल्या एका तरुण वैमानिकाला त्यांनी काउंटरवरूनच घरी पिटाळलं. तो आधी चिडला, मग बरा झाला, मग आभार मानायला म्हणून रोज चहा पाजायला लागला. चहाचं पुढे लग्नात रूपांतर झालं. तोच हा डावीकडच्या कागदाचा मालक.

आता तो साधा वैमानिक राहिला नव्हता. वैमानिक संघटनेचा सेक्रेटरी झाला होता, आणि घरातसुद्धा बाई त्यांना थट्टेने सेक्रेटरीसाहेब म्हणत. साहेबांना ते आवडे, म्हणून थट्टा कळत नसे.

मुलीचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून पडलेलं. विमान चालवायला शिकली, परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली, आणि मग तिला कळलं की कंपनी छोट्या विमानांवर नवा माणूस स्वतः घेतच नाही. छोट्या विमानांचं सगळं उड्डाण एका बाहेरच्या एजन्सीला दिलेलं. एजन्सी वैमानिक पुरवते, कंपनी विमान पुरवते, आणि प्रवाशाला वाटतं सगळं एकाच घरचं आहे. ओळखायची खूण एकच: ओळखपत्राची गळ्यातली पट्टी. कंपनीच्या माणसाची निळी, एजन्सीच्या माणसाची करडी. निळ्या पट्टीला विश्रांतीची खोली, पलंग, गरम पाणी, गरम सूप. करड्या पट्टीला त्या खोलीबाहेरच्या बोळातल्या लोखंडी खुर्च्या. त्या दारावर कोणी ‘तुम्हाला मनाई’ असं लिहिलं नव्हतं. कुलूप पट्टी बघून उघडायचं, एवढंच. सेक्रेटरीसाहेब त्या खोलीत पाठ टेकायचे, तेव्हा पुष्कळदा त्यांची लेक भिंतीपलीकडे बॅगेवर डोकं ठेवून बसलेली असायची. घरी ही गोष्ट कोणी काढत नसे. बोलायला लागलं तर नऊ वर्षं मागे जावं लागलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी कंपनीने छोटी विमानं बाहेर द्यायचं ठरवलं, तेव्हा संघटनेने दोन महिने आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी करार केला. करारात सातवं कलम सेक्रेटरीसाहेबांनी स्वतःच्या हाताने घातलं: ‘सध्याच्या कोणत्याही सभासदाचं काम जाणार नाही.’ त्या कलमाचं केवढं कौतुक झालं. याच घरात केक कापला. सोळा वर्षांची भिंगरी बशा फिरवत होती, आणि एका काकांनी तिला विचारलं होतं, काय गं, तूही पायलट होणार ना? ती हो म्हणाली. सगळे हसले. सध्याच्या सभासदांत ती नव्हती हे त्या खोलीत कोणाच्याच ध्यानात आलं नाही. केक चांगला होता.

पुढे तीन वर्षांपूर्वी ड्यूटी काउंटरही बाहेर गेलं. कामाच्या पाळ्या फोनवरचं ॲप लावू लागलं, आणि बाईंना गुच्छ देऊन वेळेआधी घरी बसवलं. वैमानिक संघटनेने त्यावर एका ओळीत मत दिलं: हा जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न आहे. बाईंनी ती ओळ वाचली आणि नवऱ्याला विचारलं, म्हणजे तुमचं विमान उतरतं कुठे? साहेब वर्तमानपत्र वाचत होते.

तर त्या मंगळवारी सकाळी भिंगरी स्वयंपाकघरात आली ती तोंडाने श्वास घेत. टोस्टचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. बाईंनी अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे पाणावलेले, नाक लाल, आणि गिळताना डावा खांदा वर जात होता.

‘‘कान दुखतोय.’’ बाईंनी विचारलं नाही, सांगितलं.

‘‘दडा बसलाय नुसता.’’

दडा बसलेल्या कानाने विमानात चढू नये, हे वैमानिकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. वर जाताना फार कळत नाही. उतरताना बाहेरची हवा दाबते, आतली वाट बंद असते, आणि मधे सापडतो तो कागदाइतका पातळ पडदा. बाईंनी अशी पन्नास माणसं परत पाठवली होती. त्यांनी फ्रिजवरचा उजवा कागद बघितला. उद्यापासून सलग पाच दिवस, दिवसाला चार उड्डाणं. म्हणजे वीस वेळा चढायचं आणि वीस वेळा उतरायचं.

कळवून टाक येत नाही म्हणून, असं त्या म्हणाल्या. भिंगरीने नाक पुसत हिशेब समजावला. सहा महिन्यांत दोनदा तिच्या नावापुढे ‘उपलब्ध नाही’ पडलं होतं, एकदा आजी गेली तेव्हा आणि एकदा ताप आला तेव्हा. ॲपमध्ये दोन्हींना रकाना एकच. तिसऱ्यांदा पडलं की कंत्राट आपोआप संपतं. कोणी काढत नाही, कोणी बोलत नाही. सकाळी फोन उघडला की पाळ्यांचं पान कोरं.

‘‘बरं, मग सही करायला गेलीस की तिथे सांग. तिथला माणूस तुझं तोंड बघेल ना.’’

भिंगरी हसली आणि हसताना कळवळली. ‘‘आई, सह्या एक तारखेलाच होतात.’’

‘‘कसल्या एक तारखेला?’’

‘‘महिन्याच्या. तीस कागदांचा गठ्ठा असतो. आम्ही रांगेत उभे राहतो, हसऱ्या गठ्ठा पुढे करतो, सगळ्यांवर सही करायची. तारीख तो टाकतो, उड्डाण असेल त्या दिवशी.’’

हसऱ्या म्हणजे एजन्सीचा समन्वयक. खरं नाव काहीही असो, माणूस कोणालाही काढताना सुद्धा हसायचा.

बाई खुर्चीवर बसल्या. महिनाभर आधी, चेहरा न बघता, तीस वेळा ‘आज’. त्या कागदात ‘आज’ हा एकच शब्द कामाचा होता. बाकीचं सगळं सजावट. भिंगरीला त्यात नवल वाटत नव्हतं. सगळेच करतात. पहिल्या महिन्यात एकाने विचारलं होतं, आज मी तेवीस तारखेला बरा असेन हे कसं सांगू? हसऱ्या म्हणाला, सकारात्मक राहा. रांगेतले सगळे हसले, आणि विचारणाऱ्याने सही केली.

बाईंनी एजन्सीला फोन लावला. यंत्र बोललं. एक दाबलं, तीन दाबलं, पुन्हा यंत्र. कंपनीत जुन्या ओळखीने एकीला गाठलं. ती म्हणाली, ताई, आमच्याकडे त्यांची नावंच नसतात, नुसता आकडा असतो, उद्या बारा हवेत, बारा येतात. मग बाईंनी आपलं हुकमी पान काढायचं ठरवलं. नवरा. तीस वर्षं हा माणूस व्यासपीठावरून सांगत आला होता की आजारी वैमानिकाने उडणं म्हणजे गुन्हा आहे. आज घरात गुन्हा होऊ घातला होता. गरजेल, टेबलावर हात आपटेल, दोन फोन करील.

साहेब दाढी करत होते. ऐकलं, गाल पुसला, आणि मागे दारात आलेल्या भिंगरीला म्हणाले की नाकात थेंब घाल, वाफ घे, आणि शुक्रवारपर्यंत दिवस काढ.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शुक्रवारी काय आहे, ते साहेबांनी मग समजावलं. शुक्रवारी नवा करार. कंपनीला आता मोठी विमानंही बाहेर द्यायची आहेत, पाच वर्षांत हळूहळू. संघटनेने महत्प्रयासाने सातवं कलम पुन्हा मिळवलं आहे. सभासदांना निवृत्तीपर्यंत धक्का नाही. अशा वेळी सेक्रेटरीच्या मुलीने एजन्सीशी भांडण काढलं तर कंपनी म्हणेल, घरचं काम साधून घेतोय.

‘‘तुम्हाला मी घरी पाठवलं होतं,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तेव्हा दिवस वेगळे होते.’’

‘‘ताप तोच होता.’’

साहेबांनी दुसरा गाल धरला. आरशातून त्यांनी बायकोकडे बघितलं नाही. दारात उभी असलेली भिंगरी मात्र बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती. बाबाच म्हणतात काढ, म्हणजे काढायचं. बाईंनी दार अडवलं असतं तर? हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतःला फार वेळा विचारला. त्यांनी वाफेचं पाणी ठेवलं.

बुधवारी तिसऱ्या उड्डाणाला, उतरताना, भिंगरीच्या डाव्या कानात काहीतरी फाटलं. समोरची आकड्यांची पट्टी भिंगरीसारखी फिरू लागली. शेजारी बसलेल्या कॅप्टनने, तोही करड्या पट्टीचाच, विमान एकट्याने नीट उतरवलं. मागे बसलेल्या सत्तर माणसांना काही कळलं नाही. उतरताना दोघातिघांनी नेहमीसारखं थँक्यू म्हटलं. भिंगरीने मान हलवली आणि तिच्या पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा थेंब पडला.

डॉक्टरांनी गुरुवारी सांगितलं की पडदा भरून येईल, पण इजा आतल्या कानालाही झाली आहे. डाव्या कानाने किती ऐकू येईल ते सांगता येत नाही. उड्डाणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र तूर्त स्थगित. तूर्त म्हणजे किती, या प्रश्नावर डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

त्याच दुपारी साहेब निघाले. निळ्या पट्टीच्या माणसाने कुठलं दार ठोठावायचं हे त्यांना पाठ होतं. कंपनीत त्यांना अदबीने बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, साहेब, फार वाईट झालं, पण त्या आमच्या कर्मचारी नाहीत. एजन्सीत हसऱ्याने उभं राहून हात हातात घेतला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या एजन्सीच्याही कर्मचारी नव्हत्या, स्वतंत्र व्यावसायिक होत्या, कंत्राटाचं दुसरं पान बघा. आणि मग त्याने एक कागद पुढे सरकवला. बुधवारची तारीख. ‘मी आज उड्डाणास तंदुरुस्त आहे.’ खाली भिंगरीची सही, जराशी घाईची, महिन्यातली चौदावी. तारखेचं अक्षर हसऱ्याचं होतं, पण अक्षराला कोण विचारतो. मॅडम आजारी असूनही तंदुरुस्त असल्याचं लिहून देतात, असं तो खेदाने म्हणाला, खरं तर आम्हीच तक्रार करायला हवी.

उरलं तिसरं दार. ते साहेबांचंच होतं. संघटनेच्या घटनेत लिहिलेलं होतं की मदत फक्त सभासदाला. आणि करडी पट्टी सभासद होऊ शकत नाही, ही अट नऊ वर्षांपूर्वी कंपनीने घातली होती आणि संघटनेने, सातव्या कलमाच्या बदल्यात, मुकाट मान्य केली होती. कोणी मान्य केली? साहेब स्वतःच्याच सहीसमोर उभे होते.

शुक्रवारी समितीचे चौघे करार घेऊन घरीच आले. साहेब घर सोडू शकत नव्हते, म्हणून कागद घरी. सगळ्यांनी आधी मुलीची चौकशी केली, मनापासून केली. उपाध्यक्षांचे तर डोळे भरले. मग त्यांनी चष्मा लावला आणि कागद काढले.

बाई चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवला, पण आत गेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, सभासदांत वयाने सगळ्यात लहान कोण आहे हल्ली?

उपाध्यक्षांनी कौतुकाने एक नाव घेतलं. एक्केचाळीस वर्षांचा, मोठा हुशार.

‘‘म्हणजे साठीला तो निवृत्त होईल तेव्हा एकोणीस वर्षं झालेली असतील,’’ ड्यूटीबाई म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी तुमच्या संघटनेत एकही माणूस नसेल. शेवटच्याच्या निरोपाला गुच्छ कोण देणार, तेवढं कलम घाला.’’

एकजण हसला आणि मग हसणं गिळलं. उपाध्यक्ष समजुतीने म्हणाले, वहिनी, तुमचं दुःख कळतं, पण आधी आपल्या माणसांचं बघावं लागतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून भिंगरी पाणी प्यायला बाहेर आली. भिंतीला हात लावत, पावलं मोजत. साहेबांनी हाक मारली, ‘‘भिंगरे.’’

ती चालत राहिली.

‘‘भिंगरे, बस इथे.’’

डावा कान त्यांच्याकडे, उजवा सर्दीने दडलेला, ती दोन हातांवरून गेली. पेला भरला, प्यायली, आणि वळली तेव्हा पाच माणसं आपल्याकडे बघताहेत हे पाहून ओशाळली. काय झालं, असं तिने आईला खुणेने विचारलं.

साहेबांच्या हातात पेन होतं. त्यांनी त्याला टोपण लावलं.

‘‘मी हिच्या नावावर नऊ वर्षांपूर्वी सही करून ठेवली होती,’’ ते म्हणाले. ‘‘तारीख तेवढी कोरी होती. ती परवा पडली. आणखी कोऱ्या तारखा माझ्याकडून मागू नका.’’

एवढं ऐकून चौघं हेलावून उठले, करार फाडला, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. चहा थंड झाला. उपाध्यक्ष म्हणाले, भावनेच्या भरात आहात, समजू शकतो. कागद पिशवीत गेले. सोमवारच्या सभेत साहेबांना पदावरून मोकळं केलं, दोनशे बारा विरुद्ध अकरा. मंगळवारी उपाध्यक्षांनी सेक्रेटरी म्हणून सही केली. संध्याकाळी कोणाच्या तरी घरी केक होता म्हणे.

बाईंना नवऱ्याचा अभिमान वाटला का? वाटला, पण आधी संतापच आला. नऊ वर्षं आणि एक कान, एवढं लागलं या माणसाला टोपण लावायला. हे त्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, एक तारीख परवा आहे ना?

एक तारखेला सकाळी एजन्सीच्या खोलीबाहेरच्या बोळात एकोणीस जण रांगेत उभे होते. सगळे पंचविशी-तिशीचे, गळ्यात करड्या पट्ट्या. आत टेबलावर एकोणीस गठ्ठे, पाठीमागे हसऱ्या. दाराशी भिंगरी उभी होती, कानात कापूस, एका हाताने चौकट धरलेली. तिच्याशेजारी लोखंडी खुर्चीवर माजी सेक्रेटरी बसले होते. करड्या पट्टीलाही सभासद करून घेणारी नवी संघटना, अशा मथळ्याची एक वही त्यांच्या मांडीवर होती, आणि वहीत अकरा नावं होती, सगळी निळ्या पट्टीची. तीस वर्षांत ते त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसत होते. खुर्ची थंड आणि वाकडी होती. बाई थोड्या मागे उभ्या राहिल्या.

भिंगरी प्रत्येकाला एकच सांगत होती. भाषण नाही, घोषणा नाही. ‘‘फक्त आजच्या कागदावर कर. उद्याचा उद्या.’’

पहिला म्हणाला, सॉरी गं, आणि आत गेला. तीस सह्या. दुसरीने तिच्याकडे बघितलंच नाही. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं, ते त्याने सांगितलं. चौथा चिडला, तुझं गेलं म्हणून आमचंही घालवणार का? त्याचंही खोटं नव्हतं. आत पेन सरसर चालत होतं आणि हसऱ्या प्रत्येकाला शुभेच्छा देत होता. वहीत नाव कोणीच लिहीत नव्हतं. बाई मनात मोजत होत्या. बारा गेले. पंधरा गेले. त्यांना वाटलं, पुरे, घेऊन जावं पोरीला घरी.

सतरावा तोच निघाला, पहिल्या महिन्यात तेवीस तारखेबद्दल विचारणारा. तो आत गेला, टेबलाशी उभा राहिला, वरच्या कागदावर सही केली, स्वतःच्या हाताने तारीख घातली, आणि पेन खाली ठेवलं. उरलेला गठ्ठा त्याने उलटा करून हसऱ्याकडे सरकवला.

‘‘बाकीचे?’’ हसऱ्याने विचारलं.

‘‘रोज येईन. तोंड बघा आणि घ्या.’’

हसऱ्या हसला, पण या खेपेला जरा उशिरा. अठरावा आणि एकोणिसावा, दोघांनीही नेहमीसारख्या तीस-तीस सह्या केल्या. सतरावा बाहेर आला, वहीकडे बघितलं, लिहिलं काही नाही, आणि भिंगरीच्या उजव्या बाजूला, तिला ऐकू येईल अशा बाजूला, जाऊन उभा राहिला.

एकोणिसांत एक. घरी जाताना साहेब म्हणाले, एकानं काय होतंय. बाईंनी अठ्ठावीस वर्षं पाळ्या लावल्या होत्या, आणि कॉकपिटमध्ये खुर्च्या दोनच असतात.

‘‘एक माणूस कमी पडला,’’ ड्यूटीबाई म्हणाल्या, ‘‘तरी विमान उडत नाही हो.’’